उत्तर वाटेत हाय

टीव्हीवर मी पहिल्यांदा दिसलो तेव्हा माईकच्या दांड्यानं पाठ खाजवत होतो.

त्याचं असं झालं. आमच्या धंद्यात बातमीदार जागेवर पोचेपर्यंत त्याच्या जागी कुणीतरी उभं राहायचं असतं. कॅमेरामनला उजेड बघायला, उंची जुळवायला काहीतरी खांबासारखं लागतं. तो खांब बहुतेक वेळा मी असायचो. त्या दिवशी बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि तिच्यापुढं मी माईक धरून उभा होतो. डिश लागली होती, चित्र वर गेलं होतं. पण म्हटलं, अजून बातम्या सुरू नाहीत, बघतंय कोण? खाज आली. खाजवली. चांगली पोटभर खाजवली, वर एक गाणंही म्हटलं.

आता आभाळातून खाली येणारं चित्र हे काही पाकिटात घालून येत नाही. ते सगळ्या देशावर सारखं सांडतं. ज्याच्या गच्चीवर मोठी डिश आहे आणि हाताला चाळा आहे, त्याला ते सापडतं. कोल्हापुरातल्या एका केबलवाल्याला मी सापडलो. त्यानं ओळखलं आणि प्रेमापोटी मला आपल्या लोकल चॅनेलवर सोडून दिलं. संध्याकाळी मंडईत गेलो तर भाजीवाल्या मावशींनी वांगी तोलता तोलता चौकशी केली, ‘आता बरी हाय का पाठ?’

तेव्हापासून मी एक नियम केला. डिश लागली की मी व्हॅनच्या आत. कॅमेऱ्यासमोर मरण आलं तरी जायचं नाही. हा नियम मी पुढं एकदाच मोडला. आज लिहायला बसलोय ते त्या एका दिवसाबद्दल. पण त्याआधी हा धंदा काय आहे ते थोडं सांगायला हवं, नाहीतर आमच्या नातेवाईकांसारखं तुम्हीही विचाराल, ‘म्हणजे तुम्ही टॉवरवर चढता का?’

नव्वद साली वगैरे बातमी ही वस्तू होती. कॅसेट. कोल्हापुरात काही घडलं की चित्रण करायचं, कॅसेट खाकी कागदात गुंडाळायची आणि मुंबईला जाणाऱ्या लक्झरीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ‘दादरला माणूस उभा असेल, टोपी घातलेला.’ मुंबईत सकाळी अर्धं दादर टोपी घालून उभं असायचं. एकदा आमची सभेची कॅसेट एका लग्नघरात गेली आणि लग्नाची कॅसेट आमच्या ऑफिसात. संपादकांनी फोन करून विचारलं की सभेत मामा नवरीला उचलून का आणतोय. अशा रीतीनं कोल्हापूरची आजची बातमी महाराष्ट्राला उद्या, कधी परवा कळायची, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

मग व्हॅन आली. डोक्यावर परातीसारखी भली मोठी डिश, पोटात जनरेटर आणि यंत्रांची फडताळं, आणि त्यांच्यामध्ये एका स्टुलावर मी. काम ऐकायला सोपं. विषुववृत्ताच्या वर, आभाळात फार लांब, एक उपग्रह उभा आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो म्हणून आपल्याला तो जागचा हलत नाही. कोल्हापुरातून तो शोधायचा तर जोतिबाकडं पाठ करायची आणि मान मोडेपर्यंत वर बघायचं. दिसत काही नाही. डिश तसूतसूनं फिरवायची, यंत्रावरची रेघ उंच झाली की थांबायचं. सुईत दोरा ओवणंच, फक्त सुई आभाळात आणि दोरा कोल्हापुरात. मग फोन करून वर जायची परवानगी मागायची, कारण त्याच उपग्रहावर शेजारी दुसऱ्या कुणाचं तरी चित्र चाललेलं असतं. आपलं पाणी त्याच्या अंगणात जाता कामा नये. आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत. उपग्रहावरची जागा भाड्याची. वेळ संपली की मध्येच वाक्य तुटलं तरी चित्र बंद.

मध्ये झाड आलं, संपलं. पाण्याची टाकी आली, संपलं. आजऱ्याकडं एकदा शेतात रानहत्ती आला म्हणून धावत गेलो. काजूची झाडं सोडून मोकळी जागा शोधली, डिश लावली, रेघ उभी केली, स्टुडिओ तयार, आणि हत्ती नाही. निघून गेला होता. एक शेतकरी माझी समजूत घालत म्हणाला, ‘पावणं, एवढं मनाला लावून घिऊ नका. उद्या या. रोज येतोय त्यो.’

आता कबनूर.

आमच्या भागातल्या एका पोरीनं परदेशात वजन उचलण्याच्या स्पर्धेत पदक मारलं. सुवर्णा तिचं नाव. कबनूरच्या यंत्रमागवाल्याची लेक. मुंबईत विमानातून उतरल्या उतरल्या आमच्या चॅनेलनं तिला स्टुडिओत आणून बसवायचं ठरवलं, आणि दुपारच्या बातम्यांत इकडं कबनूरहून आईवडिलांना जोडायचं. एका चौकटीत लेक, दुसऱ्या चौकटीत मायबाप. बातमीदार सुमित पुण्याचा, नवा, हुशार पोरगा. वाटेत त्यानं मला वाक्यं म्हणून दाखवली. ‘आज या घरात आनंदाला पारावार उरलेला नाही.’ मी म्हटलं, ‘आधी घर तर बघू.’

घर बघितलं. गल्ली अशी की व्हॅनचे आरसे दुमडले तरी आत जाईना. शेवटी मैदानाच्या कडेला व्हॅन लावली आणि तिथून कौलांवरून, दोन गच्च्यांवरून, एका शेळीच्या पाठीवरून केबल ओढत घरापर्यंत नेली. पण खरी अडचण कानात होती. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग. खटक-खटक-खटक-खटक. शंभर माणसं एकदम टाळ्या पिटताहेत आणि थांबायचं नाव नाही, असं. कॅमेरामन इक्बाल माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, ‘साहेब, माईक में सिर्फ खटखट आ रहा है!’ मी म्हटलं, ‘काय?’

मी आत गेलो, निदान वीज कुठून घ्यायची ते विचारायला. आतल्या खोलीत सुवर्णाची आई पितळी डबे उगीचच पुसत बसली होती. बाई कानडी वळणाची, इरकली नेसलेली. मला बघून उठली, पाणी दिलं. मी म्हटलं, ‘मावशी, अभिनंदन. पाहुणे कुठायत? मल्लूअण्णा?’

मल्लाप्पा म्हणजे सुवर्णाचे वडील. गल्ली त्यांना मल्लूअण्णा म्हणायची.

‘मागावर हाईत,’ मावशी म्हणाली. मग दाराकडं एकदा बघून पुढं आली. ‘त्यास्नी बोलवू नका, पावणं. येनार न्हाईत. लेकीसंगट बोलत न्हाईत ते.’

‘का?’

‘लगीन ठरवल्यालं तिचं. ती वजन उचलायच्या कॅम्पाला निघून गेली. हे म्हणाले, गेलीस तर परत या उंबऱ्यात यायचं न्हाय. ती बी यांचीच लेक की. आली न्हाय.’ मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘आता तोंडातनं गेल्याला शबुद गिळायचा कसा, हेच्यात अडकून बसल्यात. राती झोपंत बडबडत्यात, घरी ये म्हून. जाग्यापनी तोंड उघडत न्हाय.’

झालं का? वर चौकटी तयार, मुंबईत पोरगी मेकअप करून बसलेली, आणि इकडं आनंदाला पारावार असा. शहाण्या माणसानं ऑफिसला फोन केला असता की घरात अडचण आहे, आईला एकटीला घेतो. मला काय झालं कुणास ठाऊक. मला दोन मुली आहेत, एवढंच कारण असेल. मी मनाशी म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला आज कॅमेऱ्यासमोर उभा केल्याशिवाय व्हॅन हलवायची नाही.

मागाच्या शेडात गेलो. मल्लूअण्णा चार मागांच्या मध्ये उभे होते, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी, भुवयांवर कापसाची लव, मागं खिळ्याला टांगलेला पांढरा शर्ट. मी पोटातून ओरडून सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘मला काय बोलायचं न्हाय. आन बोलली तर ऐकायला येत न्हाय.’

हे खरं होतं. जन्म मागाजवळ गेलेला. कान कधीच गेलेले. माणसाच्या ओठांकडं बघून त्यांना कळायचं. स्टुडिओचा आवाज ज्यातून ऐकवतात ती कानातली बुडकुली त्यांच्या कानात घालणं म्हणजे दगडाला अंगारा लावणं.

मी विचार केला. मग ओठ मोठे मोठे हलवून म्हटलं, ‘बोलू नका. ऐकू नका. नुसतं बघा. मी तुम्हाला ती दाखवतो.’

ते मागाकडं वळले. तुटलेला एक धागा जोडला, गाठ मारली, माग पुन्हा चालू केला. पण थोड्या वेळानं पुन्हा आत डोकावलो तर खिळ्यावरचा पांढरा शर्ट नव्हता.

मग माझी पळापळ. शेजारच्या घरातला टीव्ही उचलून आणला आणि सुताच्या कांड्यांच्या लाकडी पेटीवर ठेवला, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, म्हणजे टीव्हीकडं बघितलं की कॅमेऱ्याकडं बघितल्यासारखं वाटावं. गावच्या केबलवाल्यानं वायर ओढून दिली. त्यावर आमचंच चॅनेल लावलं, आवाज पूर्ण बंद. नाहीतर तोच आवाज माईकमध्ये शिरून सगळ्या महाराष्ट्राच्या कानात शिट्टी वाजली असती. यात एक गोम होती आणि ती मला माहीत होती. चित्र इथून वर जातं, मुंबईत उतरतं, तिथून पुन्हा वर जाऊन लोकांच्या घरात उतरतं. प्रत्येक उडीला आणि यंत्रांच्या चाळणीला थोडा वेळ लागतो. इथं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या टीव्हीवर दिसायला चांगले दोन-तीन श्वास जातात. बातमीदारांना सवय असते, ते मान डोलवत थांबतात. मल्लूअण्णांना हे सांगायला हवं होतं. मी सुमितला म्हटलं, तू सांग. सुमितला वाटलं, मी सांगितलंय.

राहिले माग. मी एकेका शेडात शिरून हात जोडले. कुणी नाही म्हणालं नाही. ‘सुवर्णाचं हाय व्हय? मग करा की बंद!’ एक जाडजूड मालक तेवढे म्हणाले, ‘येरवी रोज लाईट घालवत्यात आन आज नेमकी हाय. वर तुमी हात जोडायला. कलियुग म्हंत्यात ते हेच.’

एकामागून एक माग थांबले. अशी शांतता पडली की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्या गल्लीत दिवसाउजेडी माग थांबतात ते वीज गेली तर, नाहीतर कुणी माणूस गेलं तर. पंखे फिरत होते. एक आजी दार उघडून बाहेर आली आणि विचारू लागली, ‘कोन गेलं रं?’

मी व्हॅनकडं पळालो. परवानगी घेतली, वर गेलो. चौकटी लागल्या. व्हॅनमधल्या छोट्या पडद्यावर मला दोन्ही दिसत होतं. डावीकडं स्टुडिओतली सुवर्णा, गळ्यात पदक, चेहरा हसू की नको अशा बेतात. उजवीकडं मावशी, सुमित आणि पांढऱ्या शर्टातले मल्लूअण्णा. आले होते! वरचं बटण गळ्यापर्यंत लावून आले होते.

निवेदिकेनं आईला विचारलं, कसं वाटतंय. मावशी म्हणाली, ‘चांगलं वाटतंय.’ मग सुमितनं मल्लूअण्णांपुढं माईक धरला आणि ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ते पेटीवरच्या टीव्हीकडं बघत होते. अचानक, मागांवरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात, ते त्या टीव्हीला म्हणाले, ‘घरला येतीस का न्हाईस?’

माईकचा आवाज दाखवणाऱ्या सुया पार तांबड्यात गेल्या.

आणि मग काहीच नाही. टीव्हीवर सुवर्णा तशीच. हलली नाही, ओठ उघडले नाहीत. कशी उघडेल? प्रश्न अजून तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला ते कळत होतं. मल्लूअण्णांना त्या बधिर शांततेत एवढंच दिसलं, की लेकीला भर चारचौघांत विचारलं आणि लेक दगडासारखी बघत बसली. आमच्याकडं उत्तराला एवढा वेळ लागत नाही हो. आमच्याकडं एवढा वेळ लागला म्हणजे ते उत्तरच असतं.

त्यांचा चेहरा मी पडद्यावर बघितला. त्यांनी हळूच मान खाली घातली, वरचं बटण सोडलं आणि पाठ फिरवली.

व्हॅन मैदानाच्या कडेला. घर त्या बोळात. यंत्र चालू असताना माणसानं व्हॅन सोडायची नसते, ही आमच्या धंद्यातली गायत्री. मी स्टूल पाडलं. बोळातून हे सुटलेलं पोट घेऊन असा पळालो की शेळी दाव्यासकट उठली. चौकटीत घुसलो, सुमितला बाजूला सारलं, मल्लूअण्णांचा दंड धरला आणि त्यांना गरकन टीव्हीकडं वळवलं.

‘थांबा!’ मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडलो. ‘उत्तर वाटेत हाय!’

हे सगळं लाइव्ह.

त्यांनी वर बघितलं. बाप पाठमोरा होता तोवर तिकडं तीही थांबली असावी; टीव्हीवर आता सुवर्णा पुढं झुकली होती. पण ती बोललीच नाही. मी ओठांकडं बघत होतो, ओठ मिटलेले. तिनं फक्त एक मूठ कानाशी नेली, दोनदा खाली ओढली आणि दोन बोटं छातीला लावली. मी कपाळावर हात मारला. एवढा जिवाचा आटापिटा, आणि हिच्या कानातली वायर निसटली! खाली पट्टी सरकत होती. निवेदिका काय म्हणाली ते मला नंतर कळलं. म्हणाली, ‘सुवर्णाला शब्द सुचत नाहीयेत.’

मल्लूअण्णा टीव्हीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी उजवा तळहात आडवा धरून दोनदा इकडं-तिकडं केला, नको नको, जा, म्हणतात तसा. आणि शेडात निघून गेले. मावशीनं तोंडाला पदर लावला. कुठूनतरी एक माग सुरू झाला, खटक-खटक, मग दुसरा, मग सगळी गल्ली. आमची वेळही संपली. चित्र गेलं.

सुमितनं माईकची वायर गुंडाळायला घेतली. ‘काका,’ तो म्हणाला, ‘फ्लॉप.’

मावशी मला काहीतरी सांगायला आली होती बहुतेक. पण तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. कोल्हापुरात शिवाजी पुलाजवळ दुसरं काहीतरी झालं होतं, डिश झाकून ताबडतोब निघा. आणि दुसरा प्रश्न, ‘चौकटीत तो घामाघूम माणूस कोण घुसला होता?’ मी म्हटलं, ‘गावातलं कुणीतरी असेल.’

त्या दिवशीचं दुसरं काम कसं केलं मला आठवत नाही. डिश लावली, काढली. डोक्यात एकच. मी त्या माणसाला हाताला धरून बाहेर काढला होता. नसतो पडलो मध्ये, तर त्यानं निदान झोपेत तरी ‘घरी ये’ म्हटलं असतं. आता जागेपणी, सगळ्या महाराष्ट्रासमोर, ‘जा’ म्हणून आला होता. वर ते दिसावं म्हणून आभाळातल्या दोन्ही उड्यांची वाट मीच साफ करून दिली होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागलो. बाप कसा बोलला, लेक कशी गप्प बसली, बापानं कसं झिडकारलं. ‘त्या एका प्रश्नानंतर दोघांतलं कुणी एक अक्षर बोललं नाही,’ मी म्हणालो. ‘एवढी यंत्रं, एवढी माणसं, एवढं आभाळ, आणि एक अक्षर नाही.’

बायकोनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचं माहेर इचलकरंजी, तिच्या वडिलांचे माग होते. लहानपणी तीही शेडात कांड्या भरायला बसायची.

‘बगितलं मी,’ ती म्हणाली. ‘कोन बोललं न्हाय म्हंतासा? तिनं मूठ वढली न्हवं? भोंग्याची दोरी हाय ती, आन छातीला बोटं म्हंजे मी. शेडात ऐकू कुठं येतंय, हातानंच बोलत्यात सगळी. शिफ्ट सुटली की येते, म्हणाली ती.’

मी पाटावर पुढं सरकलो. ‘मग त्यांनी जा म्हणून का...’

‘जा कुठलं, मागातला धोटा हाय त्यो!’ तिनं पिठाचा तळहात आडवा धरून माझ्यासमोर इकडून तिकडं नेला, अगदी मल्लूअण्णांनी केला तसा. ‘शेजारचा मागावरनं उठून गेला की असं करत्यात. सावकाश ये, तवर तुझा माग मी बगतो.’ मग भाकरी माझ्या ताटात टाकली. ‘दोगांचं बोलनं आबाळात नेऊन परत आनलासा, आन तितंच उबं ऱ्हाऊन तुमास्नी काय पोचलं न्हाय व्हय?’